माळरानाची जमीन : तिची प्रतबंदी व तिची ओळख

माण, खटाव, आटपाडी, सांगोलें, कर्जत, पारनेर या बाजूच्या सभासदांपैकीं बहुतेकांच्या खातेउताऱ्यावर एखादा तरी तुकडा असा असतो कीं, त्याचा आकार पाहून हंसूं यावें. एकरीं कांहीं पैसे आकारणी, आणि शेजारीं पोटखराब म्हणून भला मोठा आंकडा. हा तुकडा म्हणजे घरचा माळ. वडिलांच्या काळीं तेथें चार जनावरें हिंडत, धनगराच्या मेंढ्या उतरत, आणि त्याविषयीं कोणी अधिक विचार करीत नसे. परंतु जमीन महसुलाच्या १९६८ च्या नियमांत २०१८ सालीं दुरुस्ती होऊन, पोटखराब वर्ग अ पैकीं जी जमीन लागवडीस आणली असेल ती लागवडयोग्य म्हणून नोंदण्याची वाट मोकळी झाली. इकडे माती उकरणारीं यंत्रें तासाच्या भाड्यानें गांवोगांव मिळूं लागलीं. त्यामुळें माळ फोडावा कीं राखावा, हा प्रश्न आतां घरोघर निघतो. या प्रश्नाचें उत्तर सात-बाराच्या उताऱ्यावर शोधणारे पुष्कळ लोक मीं कचेरींतील नोकरींत पाहिले. तें तेथें सांपडत नाहीं. कां सांपडत नाहीं आणि कोठें सांपडतें, हें या लेखांत सांगण्याचा विचार आहे.

प्रथम उताऱ्यावरील आकार आला कोठून तें पाहूं. इंग्रजी अंमलाच्या आरंभीं, १८२८ पासून, पुणें जिल्ह्यांत प्रिंगल यांनीं जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचा हिशेब धरून आकारणी केली. ती रयतेस पेलली नाहीं व शेतें पडीत पडूं लागलीं. म्हणून १८३५ मध्यें गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यापासून नव्या पाहणीस आरंभ केला, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालांत तिचे नियम कायम झाले. उत्पन्नाचा अंदाज करण्याच्या भानगडींत न पडतां, जमिनीची परस्परांशीं तुलना करून तिला आण्यांत प्रत द्यावयाची, हें या पद्धतीचें मर्म होय. क्लासर शेतांत जाऊन नंबराचे साधारण सारखे भाग पाडी, आणि प्रत्येक भागांत तीन गोष्टी पाही : माती कोणत्या जातीची, किती खोल, आणि तींत दोष कोणते.

जाती तीन मानल्या होत्या. बारीक व एकसारख्या पोताची, काळीभोर ते गडद तपकिरी अशी पहिली; एकसारखी पण जाडसर पोताची, रंगानें फिकट व बहुधा तांबडी अशी दुसरी; आणि खडेमिश्रित, भुसभुशीत, फिकट तपकिरीपासून राखी रंगापर्यंतची तिसरी. पहिल्या जातीची माती पावणेदोन हात, म्हणजे आजच्या मापानें सुमारें ८० सेंटिमीटर, खोल असेल तर तिला पूर्ण १६ आणे. पुढें दर पाव हात खोली कमी झाली कीं एक वर्ग खालीं : १४, १२, १०, ८, ६ व साडेचार आणे. दुसऱ्या जातीची माती तितक्याच खोलीची असली तरी पहिलीच्या एक वर्ग खालीं धरीत, आणि तिसरी दोन वर्ग. एकूण वर्ग नऊ. शेवटचा २ आण्यांचा. तिसऱ्या जातीची माती हातभर खोल निघाली तरी ती ६ आण्यांच्या वर चढत नसे, आणि पाव हातच निघाली म्हणजे तिला २ आणे. यावर दोषांची वजावट. चुनखडीचे बारीक खडे, वाळूचें मिश्रण, उतार, कणांस चिकटपणा नसणें, पाणी न मुरणें, पावसाळ्यांत वरून पाण्याचा लोंढा वाहणें, आणि झऱ्यांमुळें फार ओल असणें, हे सात दोष; प्रत्येक दोषापायीं एक वर्ग उतरावयाचा. ज्या माळावर माती मुळांत पाव हात, शिवाय उतार, शिवाय कण सुटे, त्याची गति काय झाली असेल हें सांगावयास नकोच. तो आण्यांच्या जिन्यावरून घरंगळत पोटखराबांत जाऊन पडला.

ही पद्धत मला कमी लेखावयाची नाहीं. जुनीं प्रतबंदीचीं पुस्तकें ज्यानें चाळलीं असतील त्यास ठाऊक आहे कीं, त्या क्लासरांनीं उन्हातान्हांत शेताचा एकेक भाग खणून पाहिला होता. २०१५ सालीं सुरूं झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेवर नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह वगैरे बारा गोष्टी छापलेल्या असतात. पण जमीन किती खोल आहे हें त्या बारांत नाहीं. नमुना वरच्या थरांतला घ्यावयाचा, त्याखालीं दगड आहे कीं चार हात काळी आहे याची चौकशी नाहीं. पिकास खत किती घालावें एवढ्यापुरती ती पत्रिका उपयोगी आहे. परंतु माळाच्या बाबतींत जी गोष्ट सर्वांआधीं विचारावयाची, ती दीडशें वर्षांपूर्वींचा क्लासर विचारीत होता आणि आजची पत्रिका विचारीत नाहीं, हें मला विलक्षण वाटतें.

मात्र जुन्या प्रतीचा अर्थ नीट समजला पाहिजे. ज्वारी-बाजरीच्या जिराईत पिकावर सरकारी धारा किती बसवितां येईल, या एकाच प्रश्नाचें उत्तर म्हणजे ते आणे. गवत किती येईल, मेंढी किती दिवस चरेल, विहिरीस पाझर कोठून येईल, हे प्रश्न क्लासरास कोणी विचारलेच नव्हते. दोन आण्यांची जमीन ही दोन आण्यांच्याच कामाची, असा अर्थ पुढें लोकांनीं लावला आणि सरकारी दप्तरांनींही लावला. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या भारताच्या पडीक भूमींच्या नकाशासंग्रहांतही झुडपी माळ हा पडीकांतच मोजलेला आहे. ज्या जमिनीवर चारदोनशें मेंढ्यांचा संसार चालतो तिला पडीक कां म्हणावें, हें मला कधीं उमगलें नाहीं.

आतां माळाची माती अशी कां असते तें पाहूं. आपल्या पठाराचा खडक म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं थरांवर थर सांचलेला लाव्हा. हा काळा पाषाण हवापाण्यानें कुजूं लागला कीं त्याचे गोटे कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणें सुटतात, त्यांचा मुरूम होतो, आणि मुरमाची माती होते. सपाट जागीं ती जागच्या जागीं राहते. उतारावर जितकी होते तितकी पाऊस खालीं नेतो, आणि त्यांतही बारीक कण आधीं जातात. म्हणून माथ्यावर खडे व जाडसर तांबूस माती, मधल्या टप्प्यावर मध्यम खोलीची तपकिरी, आणि ओढ्याच्या कांठीं खोल काळी, असा क्रम एकाच खडकावर एका मैलाच्या आंत दिसतो. चुनाही असाच विरघळून खालच्या जमिनींत उतरतो आणि तेथें चुनखडीच्या रूपानें गोठतो. ‘बरड’, ‘मुरमाड’, ‘मध्यम’, ‘काळी’, ‘चोपण’ हीं आपल्या लोकांचीं नांवें या उतरणीच्या पायऱ्याच आहेत. काळा रंग म्हणजे कुजकें खत भरपूर, हा समज मात्र टाकून द्यावा. आपल्या काळ्या जमिनींत सेंद्रिय द्रव्य बेताचेंच असतें. तिचें बळ आहे तें बारीक चिकण कणांत व खोलींत.

या खोलीचा हिशेब पाण्यांत केला म्हणजे सर्व उलगडा होतो. हातदोन हात खोल काळी जमीन एका मीटरच्या थरांत पिकास घेतां येईल असें दीडशें ते दोनशें मिलिमीटर पाणी सांठविते. भाद्रपद-आश्विनांतील पाऊस तिच्या पोटांत गेला कीं रब्बी ज्वारी पुढें पावसावांचून निघते. उलट मुरमावरची वीतभर माती फार तर पंचवीस-तीस मिलिमीटर धरील. उघडीप पडल्यावर उभें पीक रोज चार-पांच मिलिमीटर पाणी पितें; म्हणजे सहाव्या-सातव्या दिवशीं माळावरची बाजरी माना टाकते. आपल्या बाजूस वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि दोन पावसांत तीन-तीन आठवड्यांची उघडीप ही नेहमींची. तेव्हां क्लासरानें पिकासाठीं दिलेले दोन आणे चूक नव्हते.

परंतु गवताचा व्यवहार निराळा आहे. ज्वारी ठेवीवर जगते, गवत हातावर पोट भरतें. दहा मिलिमीटरची एक सर पडली, तर कोरड्या काळ्या जमिनींत (भेगा सोडल्या तर) ती वरच्या तीन-चार सेंटिमीटरांतच राहते, आणि दोन दिवसांच्या उन्हानें परत उडून जाते. तीच सर खडेमिश्रित जमिनींत आठ-दहा सेंटिमीटर, कधीं त्याहूनही खोल उतरते; वरचे खडे उन्हास आडवे येतात, आणि ओल मुळांच्या हातीं लागते. बहुवर्षायु गवताचें ठोंब उघडिपींत वाळल्यासारखें होतें पण मरत नाहीं. त्याच्या मुळ्या मुरमाच्या फटींत गेलेल्या असतात, आणि पुढची सर येतांच चार दिवसांत तें हिरवें होतें. म्हणजे जाड पोत व सुटे खडे, जे आण्यांच्या हिशेबांत दोष होते, तेच तुटपुंज्या पावसाच्या सालीं गवताच्या उपयोगीं पडतात. भरपूर पावसाच्या सालीं खोल जमिनीवर गवतही अधिक येईल यांत शंका नाहीं. पण आपल्याकडे तशीं सालें किती, हें वाचकांनीं आपापल्या अनुभवावरून ठरवावें.

गवतें स्वतःच जमिनीची प्रत सांगतात. दबडघाव व शंकरनारायण यांनीं १९७३ सालीं भारतांतील गवताळ प्रदेशांचें जें वर्गीकरण प्रसिद्ध केलें, त्यांत आपलें पठार शेडा-मारवेल यांच्या वर्गांत येतें. मारवेल भारी व ओलसर जमीन पसंत करतो; शेडा व पवन्या हलक्या, निचऱ्याच्या माळावर उत्तम येतात. त्याच माळावर बेसुमार चराई झाली कीं शेडा मागें हटतो व कुसळी माजते. तिचीं कुसळें मेंढीच्या लोकरींत व कातड्यांत शिरून किती त्रास देतात हें धनगरास विचारावें. त्याहूनही जमीन खालावली म्हणजे केवळ एका पावसापुरतीं उगवणारीं बारीक तुरटुरीत गवतें व तरवड उरतो. तेव्हां कुसळी दिसली म्हणून जमीन हलकी असें लगेच म्हणूं नये. जमीन चांगली असून चराईनें गवत बिघडलें असेल. हा भेद खड्डा घेतल्यावांचून कळत नाहीं.

खड्डा घेण्याची रीत सोपी आहे. उन्हाळ्यांत, मशागतीचीं कामें नसतां, माळाच्या माथ्यावर, मध्यें व पायथ्याशीं असे तीन खड्डे हातभर लांब-रुंद घ्यावे. वारुळाजवळ, पायवाटेवर, किंवा मेंढ्या बसविलेल्या जागीं घेऊं नयेत. खोदण्यापूर्वीं पृष्ठभाग पाहावा : खडे किती जागा व्यापतात, मातीवर कठीण पापुद्रा आहे काय, आणि गवताचीं ठोंबें भोवतालच्या मातीपेक्षां उंचावलेलीं आहेत काय. ठोंब बोटभर उंच व मुळ्या उघड्या दिसल्या तर तितकी माती त्या गवताच्या हयातींत वाहून गेली असें समजावें. याहून सरळ साक्ष दुसरी नाहीं.

मग खड्ड्याची एक बाजू खुरप्यानें साफ तासून थर पाहावे. रंग बदलतो तेथें रेघ मारावी व प्रत्येक थराची जाडी मोजावी. रंग कोरडा व ओला असा दोन्ही लिहावा, कारण पाणी लागलें कीं भुरकी माती काळी भासते आणि दोन माणसांचा वाद होतो. पोत पाहण्यासाठीं खडे काढून मूठभर माती कणकेसारखी मळावी, आणि अंगठा व तर्जनी यांमध्यें दाबून तिची फीत काढावी. फीत निघतच नाहीं ती वाळूसर. बोटाच्या एका पेराइतकी निघून तुटते ती मध्यम. दोन पेरांहून लांब निघते ती चिकण. मुळ्या कोठपर्यंत गेल्या आहेत हें अवश्य टिपावें. चुना असेल तर सौम्य आम्लाचा थेंब टाकतांच फसफस होते. आम्ल नसेल तर लिंबाच्या रसावरही काम भागतें, फक्त कान जवळ नेऊन ऐकावें लागतें. मातीखालीं काय आहे हें शेवटीं : कुदळीनें सुटणारा मऊ मुरूम, कीं पहार आपटून परत येणारा पाषाण. मऊ मुरमांत मुळी व पाणी दोन्ही जातात; पाषाणांत कांहीं जात नाहीं. वीतभर मातीखालीं मऊ मुरूम आणि वीतभर मातीखालीं पाषाण, या दोन जमिनी आण्यांच्या हिशेबांत सारख्या दिसल्या तरी एकमेकींच्या जवळपासही नाहींत.

पायथ्याच्या खड्ड्यांत आणखी एक परीक्षा करावी. मातीचें सुकें ढेकूळ कांचेच्या पेल्यांत पावसाच्या पाण्यांत अलगद सोडावें व ढवळूं नये. ढेकूळ नुसतें फुटून पडलें तर चिंता नाहीं. पण त्याभोंवतीं दुधासारखें गढूळ ढग पसरूं लागले तर ती चोपण, म्हणजे सोडियम अधिक झालेली जमीन होय. अशा ठिकाणीं पाणी मुरत नाहीं, आणि विहिरीच्या मचूळ पाण्यानें ती अधिकच बिघडते. विहिरीचें पाणी या परीक्षेस वापरूं नये; त्यांतील क्षारांमुळें ढग दिसत नाहींत व फसगत होते.

टिपण कसें असावें याचा एक कल्पित नमुना देतों. ‘माथा. उतार शंभर फुटांस पांच फूट. पृष्ठावर खडे निम्म्याहून कमी. ० ते १२ सेंटिमीटर तांबूस तपकिरी, मध्यम पोत, मुळ्या दाट, चुना नाहीं. १२ ते २० सेंटिमीटर तोच रंग, खडे निम्मे, मुळ्या विरळ. २० च्या खालीं मऊ मुरूम, फटींत मुळ्या ४५ पर्यंत. गवत शेडा व कुसळी. ठोंबें अर्धा बोट उंचावलेलीं.’ एवढें लिहिलें कीं कोणत्याही कृषि-अधिकाऱ्यास जागेवर न येतां पुष्कळ सांगतां येतें.

शास्त्रज्ञ लोक याच गोष्टी पाहून नांवें देतात. अमेरिकेंत १९७५ सालीं ग्रंथरूपानें आलेलें मृदा-वर्गीकरण आपल्याकडील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था, नागपूर, वापरते. त्यांत माथ्याच्या उथळ जमिनीस बहुधा ‘लिथिक उस्टॉर्थेंट’, मधल्या टप्प्यास ‘हॅप्लुस्टेप्ट’, आणि भेगाळणाऱ्या खोल काळीस ‘हॅप्लुस्टर्ट’ म्हणतात. शब्द अवघड, पण पोटांत साधा अर्थ आहे : ‘लिथिक’ म्हणजे ५० सेंटिमीटरच्या आंत कठीण खडक, ‘उस्ट’ म्हणजे पावसाळा संपला कीं बराच काळ कोरडी पडणारी, आणि ‘एर्ट’ म्हणजे स्वतः फुगून-आकसून उलटीपालटी होणारी. संस्थेनें राज्याचा मृदा-नकाशा केलेला आहे, परंतु त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अडीच किलोमीटर. आपला पांच एकरांचा माळ त्यावर सुईच्या टोकाएवढाही यावयाचा नाहीं. खड्डा आपला आपणच घेतला पाहिजे.

आतां फोडावा कीं राखावा. जमिनीच्या उपयोगानुसार आठ वर्ग करण्याची एक पद्धत आहे. पहिले चार नांगराखालीं, पुढचे गवत, झाडी व वन्य पशूंसाठीं. उथळ व उताराचा माळ त्यांत सहाव्या-सातव्या वर्गांत जातो. माझें स्वतःचें मत असें कीं, माती वितीहून कमी आणि उतार शंभर फुटांस तीन फुटांहून अधिक असेल, तेथें नांगर घालूंच नये, मग खालीं मऊ मुरूम कां असेना. माती धरून बसलेलें गवताचें मूळ एकदां निघालें कीं दोन-तीन वळवांत ती वीत ओढ्यास जाते. इंचभर माती पुन्हां होण्यास शेंकडों वर्षें लागतात, आणि तिची भरपाई कोणत्याही खात्याकडून मिळत नाहीं. उतारा मात्र ‘लागवडयोग्य’ असें सांगत राहतो, हा आणखी एक विनोद. मधल्या टप्प्यावर हात-सव्वा हात माती निघाली, तर समपातळीवर बांध घालून बाजरी, मटकी, हुलगा घेण्यास हरकत नाहीं. पायथ्याची खोल जमीन बहुतेकांनीं आधींच वहिवाटीस आणलेली असते.

तलावांतील गाळ माळावर पसरण्याची रीत २०१७ च्या सरकारी योजनेपासून वाढली आहे. सपाट, बांध घातलेल्या मुरमाड शेतांत गाळानें खोली वाढते, हें खरें. उतारावरच्या चांगल्या गवतावर मात्र तो टाकूं नये. गवत गुदमरतें, आणि गाळ पहिल्या मोठ्या पावसांत ज्या तलावांतून आणला तिकडेच परत निघतो.

पोटखराब वर्ग ब, म्हणजे ओढा, रस्ता, पाणवठा वगैरे सार्वजनिक कामासाठीं राखलेली जागा, हिला वरील दुरुस्ती लागू नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें. यंत्र भाड्यानें आणण्यापूर्वीं उताऱ्यावर वर्ग अ किती व ब किती हें तलाठ्याकडून लेखी पाहून घ्यावें. तिन्ही खड्ड्यांचीं टिपणें सात-बाराच्या नकलेबरोबर दप्तरांत ठेवावीं, खड्डे बुजवून त्या जागीं दगडाची खूण करावी, आणि पांच वर्षांनीं खुणेपासून दोन हातांवर पुन्हां खणून वरच्या थराची जाडी जुन्या टिपणाशीं ताडून पाहावी.